आत्या, तुझं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे

प्रिय आत्या,

वाड्याचे फोटो आणि आठवणी मांडून संगणकावर केलेलं पान तू घरच्या ग्रुपवर टाकलंस, सगळ्यांनी अंगठे आणि फुलं पाठवली, पण खालच्या मजकुराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काल फोनवर म्हणालीस, "फार लांबण लावली असेल मी." आत्या, तसं मुळीच नाही. तुझा मजकूर कुणापर्यंत पोचलाच नाही.

तुझं पान बारा इंची चौरस, इंचाला 300 ठिपके. म्हणजे प्रत्येक बाजूला 3600. फोनवर पाठवताना ते साधारण 1080 वर आलं. दोन्ही बाजू इतक्या आखडल्या की शंभरातले नऊच ठिपके उरतात. फोटो हे सोसतो. पडवी पडवीसारखी दिसते, आजीचा चेहरा ओळखू येतो. अक्षर सोसत नाही, त्यातून आपलं देवनागरी! दहा पॉइंटच्या अक्षराला मूळ पानावर 42 ठिपक्यांची उंची मिळते, लहान पानावर बारा-तेरा. तेवढ्यात शिरोरेघ, वरची मात्रा, खालचा उकार, सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. मी तुझं पान मोठं करून पाहिलं. 'चिंचेचं'वरचे दोन्ही अनुस्वार गेलेत, 'पूर्वेला'मधला रफार मात्रेला चिकटलाय. शिवाय हिरव्या काठावर तू लाल अक्षरं घेतलीस. जेपेगमध्ये उजेड-अंधार बारकाईने साठवतात, रंग बहुतेक वेळा ढोबळ, त्यामुळे लाल-हिरव्याच्या कडा एकमेकांत उतरतात.

म्हणून पान लहान करायचं काम ॲपवर सोडू नकोस, तूच कर. आधी फाइल नव्या नावाने सेव्ह कर, म्हणजे सगळे लेयर असलेलं मूळ पान सुरक्षित राहील. मग नव्या फाइलचे लेयर एकत्र कर, रंग एसआरजीबीत आण, बाजू 1080 कर आणि सगळ्यात शेवटी हलकंसं शार्पन. आधी शार्पन करून मग लहान केलंस तर ती मेहनत वाया जाते. इंचाला 72 ठिपके की 300, याचा घोळ पडद्यापुरता सोडून दे. तिथे एकूण ठिपकेच मोजायचे. आणि काही बदलावंसं वाटलं तर पुन्हा मूळ पानावरूनच सुरुवात कर. जेपेगवर जेपेग सेव्ह करत गेलं की दर वेळी थोडं थोडं झिजतं.

डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर ॲप चित्र दाबत नाही, हे खरं. पण फाइल उतरवून, बोटांनी मोठी करून वाचायचा उत्साह घरात किती जणांना आहे, ते तुला ठाऊकच आहे.

एवढं करूनही बारीक मजकूर वाचता येणार नाहीच. त्यासाठी मूळ पानातून मजकुराचा 1080 बाय 1080 चा तुकडा जसाच्या तसा काप. छापील पानावर तो साडेतीन इंचांहून थोडा मोठा भरतो, आणि त्यातलं अक्षर पूर्ण 42 ठिपक्यांचंच राहतं. पान पहिलं चित्र, तुकडा दुसरं. मजकूर लांब असेल तर दोन तुकडे कर.

कुणीतरी सांगेल की मजकूरच कमी करा, चार शब्द पुरेत. ऐकू नकोस. वाड्याचे फोटो काकांकडेही आहेत. पण पाळणा कुठल्या तुळईला टांगायचे, विहिरीचं पाणी कुठल्या वर्षी आटलं, माजघरात कुणाची खाट कुठे असायची, हे आता तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? मला तुझं पान त्या ओळींसाठीच हवं असतं. फार तर पुढच्या पानापासून अक्षर सोळा पॉइंटचं घे आणि कागद फिकट, बिननक्षीचा ठेव.

आजोबांच्या दुकानाचं पान तयार आहे म्हणालीस, ते या पद्धतीने पाठव. वाड्याचंही पुन्हा टाक, मजकुराच्या तुकड्यासकट. मूळ फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेव. दिवाळीत आले की घेऊन जाते आणि बारा इंचांतच छापून आणते.

तुझी,
भाची