अस्सल धूळ

धुळीवाचून एखाद्याचे काम अडून राहिले, असे मी आजवर कधी ऐकले नव्हते. आमच्या घरी तर धुळीमुळेच कामे वाढतात. परंतु लिव्हरपूल शहरातील ली मेव्हर्स या गायकाविषयी असे सांगतात, की ध्वनिमुद्रणासाठी मिळवलेले एक जुने यंत्र त्याने नापसंत केले; आणि कारण काय, तर त्यावर १९६० नंतरच्या दशकातली अस्सल धूळ नव्हती! माझ्या भाच्याने ही आख्यायिका सांगितली, तेव्हा मी पोट धरून हसलो.

मेव्हर्सच्या संचाचे नाव ‘द लाज’. मराठी कानाला ते चमत्कारिक वाटावे. पण तिकडच्या बोलीत ‘ला’ म्हणजे पोरगा, आणि ‘लाज’ म्हणजे नुसती ‘पोरे’. १९८३ साली ही पोरे एकत्र आली. तो काळ विजेवर चालणाऱ्या नव्या वाद्यांच्या चकचकीत नादाचा. यांनी मात्र गिटार हाती धरली आणि बीटल्सच्याच गावात राहून त्या जुन्या रॉक अँड रोलची साधी, ठेका धरायला लावणारी चाल पुन्हा आपलीशी केली. १९८८ साली निघालेले त्यांचे ‘देअर शी गोज’ हे गाणे पुरते तीन मिनिटांचेही नाही. त्यात कडवी अशी जवळजवळ नाहीतच. एकच धृपद फिरून फिरून येते, आणि गिटारीच्या तारा पहाटेच्या दवासारख्या चमकून जातात.

परंतु मेव्हर्सच्या मनातला नाद काही यंत्रात उतरेना. तीच गाणी त्याने वेगवेगळ्या निर्मात्यांकडे, वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा मुद्रित केली आणि प्रत्येक वेळी नाक मुरडले. अखेर कंपनीचा धीर सुटला. स्टीव्ह लिलीव्हाइट या निर्मात्याच्या हाताखाली झालेले मुद्रण घेऊन तिने १९९० साली बारा गाण्यांची तबकडी बाजारात आणली. रसिकांनी ती डोक्यावर घेतली; कर्त्याने मात्र ती आपली नव्हे, असे चारचौघांत सांगितले. पोरांच्या संचातल्या त्या एकाला आपल्या कृतीची खरोखर मराठी अर्थाने लाज वाटली! त्यानंतर त्या संचाची दुसरी तबकडी निघालीच नाही.

हसू ओसरल्यावर मला माझ्या कपाटातली एक कॅसेट आठवली. माझी आई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत असे. एकदा मी मोठ्या हौसेने तिच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवला. ती दुसऱ्या ओवीवर आली आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ‘‘थांब आई, सगळं बिघडलं. पुन्हा म्हण,’’ मी त्रासून म्हणालो. ती हसून म्हणाली, ‘‘अरे, कुकरला काय कळतंय? राहू दे आता, भात उतरवते.’’ चांगले यंत्र आणू, घरात सामसूम असेल असा दिवस पाहू, मग सगळ्या ओव्या नीट मुद्रित करू, असे मी ठरवले. यंत्र आले. तो दिवस मात्र आला नाही, आणि मग आईच राहिली नाही.

आता माझ्याजवळ दीड ओवी आहे, एक शिट्टी आहे आणि माझा स्वतःचा तो त्रासिक आवाज आहे. पुष्कळ वर्षे मला ती कॅसेट लावण्याचा धीर होत नसे. मेव्हर्सची गोष्ट ऐकल्यावर त्याच रात्री ती लावली. गंमत अशी, की शिट्टी यायच्या आधीच मी तिची वाट पाहू लागलो होतो. त्या शिट्टीत आमचे ते स्वयंपाकघर होते, शिजत आलेला भात होता, आणि ‘‘राहू दे’’ म्हणणारी आई होती. निर्दोष मुद्रणात यांतले काय उरले असते?

मेव्हर्सला हसलो ती माझी चूकच. धुळीला मोल असते, हे त्याने बरोबर ओळखले होते. त्याला उमगले नाही ते इतकेच, की धूळ आणून टाकता येत नाही. ती आपोआप बसावी लागते, आणि त्यासाठी वस्तू आधी असेल तशी हातावेगळी करावी लागते. त्याने नाकारलेल्या त्या तबकडीवर आज तीस वर्षांहून अधिक काळाची धूळ साचली आहे. ती अगदी अस्सल आहे.