अठरा नंबरचे दार

छापखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला दोन खोडी हमखास जडतात. एक, वर्तमानपत्रात बातमीऐवजी चुका वाचण्याची. दुसरी, समोर येईल ती प्रत निमूटपणे जुळवण्याची. गिरगावातल्या एका छापखान्यात मी खिळे जुळवीत असे, तेव्हा प्रतीचा हुकूम अक्षरांपुरता असे: हे ठळक घ्या, ते तिरपे घ्या. 'कंपोझिटरने आत्ता उठून दादरहून ब्लॉक आणावा' असे एखाद्या लेखकाने प्रतीत लिहिले असते, तर सारा छापखाना हसला असता.

निवृत्त होऊन खडवलीला भातसेच्या काठी राहायला आलो आणि हौसेने संगणकावर 'लाटेक' शिकलो. त्याच्या मुळाशी असलेली 'टेक' ही प्रणाली डोनाल्ड कनूथ यांनी 1977 साली हाती घेतली, ती आपल्याच ग्रंथाची वाईट प्रुफे पाहून! हे कळताच तो माणूस मला घरचाच वाटू लागला.

एका श्रावणात पुतण्याने प्रबंध पाठवला. त्यात प्रोग्रॅमचे उतारे होते, आणि ते रंगवायला त्याच्याकडल्या जुन्या 'मिंटेड'ला 'पिग्मेंट्स' नावाचा बाहेरचा रंगारी बोलवावा लागे. "काका, शेल-एस्केप चालू करा, की झालं!" पुतण्या फोनवर म्हणाला.

मी केले. 'टेक'ला फायलींत लिहिण्यासाठी 0 ते 15 असे सोळा क्रमांक आहेत. 18 हा त्यांच्या पलीकडचा. शेल-एस्केप चालू असले, की त्या क्रमांकावर लिहिलेले फायलीत उतरत नाही. हुकूम म्हणून थेट संगणकाकडे जाते. म्हणजे प्रत आता कंपोझिटरला खरोखरच दादरला धाडू शकते! एरवी हे दार लावलेले असते. 'टेक लाइव्ह'मध्ये 2010 पासून ते किलकिले असते, तेही ठरावीक भरवशाच्या गड्यांपुरते. मी ते सताड उघडले आणि आळसाने तसेच ठेवले.

दिवाळीच्या तोंडावर शुभेच्छापत्राचा एक नमुना कुठूनसा हाती आला. न वाचताच मी तो जुळवायला लावला. करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसावे. काम झाल्यावर 'टेंप' नावाचा कप्पा साफ करावा, एवढीच ओळ त्याने त्यात घातली होती. माझ्याकडेही त्याच जागी 'टेंप' नावाचा कप्पा होता. त्यात हिची पाककृतींची वही मी रोज रात्री थोडी थोडी उतरवीत होतो. ही जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. साठ पाने एका क्षणात गेली; कचऱ्याच्या टोपलीतही सापडली नाहीत.

ही कल्याणला निघाली, की किल्ली शेजारच्या वहिनींकडे देई. देताना मात्र सांगे, "तुळशीला पाणी घाला, दूध तेवढं आत ठेवा." किल्ली दारावर टांगून ती कधी गेली नाही. मी तिच्याबरोबर संसार केला आणि एवढेही शिकलो नाही!

आता ते दार मी कामापुरते उघडतो, तेही प्रतीची ओळन् ओळ वाचून. काम संपले की लावून घेतो. वही पुन्हा उतरवायला घेतली आहे. पण तिची शेवटची पाने पावसाळ्यातल्या ओलीने पुसट झालेली. मागल्या वेळी ती मी आठवून आठवून लावली होती. चकलीच्या भाजणीचे हिचे प्रमाण तेव्हा आठवले होते. आता काही केल्या आठवत नाही.

यंदाच्या चकल्या अंदाजाच्या आहेत. या, चाखून पाहा.