आंबट मांस आणि मोले

फ्यूजन म्हटलं की हल्ली टॉर्टियात ब्राटवुर्स्ट गुंडाळतात, वर साउअरक्राउटचा झुपका ठेवतात आणि मेनूकार्डावर मेक्सिको-जर्मनीचे झेंडे काढून मोकळे होतात. खायला ते वाईट लागतं असं नाही. चांगलं सॉसेज कशातही गुंडाळा, चांगलंच लागणार. पण त्यात दोन स्वयंपाकघरं नुसती शेजारी बसलेली असतात, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. माझं म्हणणं असं, की मेळ घालायचा तर चवींच्या आधी कामं जुळवावीत. रस्सा दाट कोण करतं, आंबटाला वेसण कोण घालतं, गोडी कुठून येते, ही कामं प्रत्येक स्वयंपाकात कोणीतरी करतच असतं. त्यांच्याकडचा गडी आपल्याकडे त्याच कामावर लावला, तर तो गोंधळत नाही आणि येताना स्वतःचा वास घेऊन येतो.

जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडचं साउअरब्राटन घ्या. मांसाचा अखंड तुकडा व्हिनेगर, वाइन, कांदा, गाजर, तमालपत्र, लवंग, मिरी आणि ज्युनिपरची फळं यांच्या मिश्रणात चार-पाच दिवस मुरतो, मग मंद आचेवर काही तास शिजतो. रस्सा बांधला जातो तो लेबकुखनच्या, म्हणजे मसाले घातलेल्या गोड केकच्या, चुऱ्याने. मनुका आणि शुगरबीटची काकवी आंबटपणा आवरतात. आता मेक्सिकोतल्या प्वेब्लाचं मोले पाहा: आंचो, मुलातो, पासिया या वाळक्या मिरच्या, तीळ, बदाम, लवंग, दालचिनी, किंचित चॉकलेट. गोडीला इथेही मनुका, आणि दाटपणाला तळलेला शिळा पाव किंवा टॉर्टिया. म्हणजे रस्सा बांधायला दोन्हीकडे एकदा भाजून झालेलं पीठच, आणि त्यावर लवंग-दालचिनी. गंमत अशी की ही लवंग दोघांपैकी कुणाच्याच अंगणातली नाही. मोलुका बेटांची लवंग आणि लंकेची दालचिनी व्यापाऱ्यांच्या हातून जर्मनीत न्युरेम्बर्गला गेली. मेक्सिकोत आशियाई माल स्पेनमार्गे पोचला, तसाच 1565 ते 1815 या काळात मनिलाहून आकापुल्कोला जाणाऱ्या गलबतांतूनही. ‘अस्सल’ या शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी या दोन पातेल्यांत डोकावावं.

तेव्हा लेबकुखन काढायचं आणि त्या जागी मोलेचं वाटण घालायचं. जर्मनीत बहुधा गोमांस वापरतात. डुकराचा खांदाही उत्तम. मिरच्यांचे देठ-बिया काढून त्या तव्यावर दाबायच्या, वास सुटला की लगेच उतरवायच्या. क्षणभर जास्त झालं तर सगळं वाटण कडू होतं आणि कितीही गूळ घाला, ते सुधारत नाही. मग गरम पाण्यात भिजवून, इतर जिनसांबरोबर वाटून, चरबीत चांगलं परतायचं. बाजूने तेल सुटेपर्यंत परतणं म्हणजे काय, हे मराठी घरात सांगायला नको. खरी अडचण पुढे येते. मुरवणाचं सगळं पाणी ओतलं तर आंचोची मनुकेसारखी गोडी व्हिनेगरखाली दबून जाते. म्हणून गाळलेलं मुरवण आणि मांसाचा स्टॉक निम्मेनिम्मे घ्यावा आणि उरलेला आंबटपणा शेवटी चमच्याचमच्याने वाढवावा. जर्मन क्न्योडल गोळ्यांच्या जागी ओआहाकाचे चोचोयोते: ‘मासा’ या मक्याच्या पिठात चरबी मळून केलेले छोटे गोळे, अंगठ्याने मधोमध खळगा पाडलेले. रस्सा त्या खळग्यात बरोबर साठतो. इथे आपलं मक्याच्या भाकरीचं पीठ चालणार नाही, गोळे पाण्यात विरघळतील. मासा म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला मका, आणि त्या चुन्यामुळेच पीठ धरून राहतं. क्षाराची ही करामत जर्मनांना परकी नाही; ब्रेझेलची तपकिरी साल सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात बुचकळल्याने येते. गोळेही रश्शात थोडं पीठ सोडतात, तेव्हा वाटणातला पाव हात राखून घालावा.

हे सगळं ओढूनताणून जमवलेलं आहे, असा आक्षेप येईल. पण टिकलेले मेळ तपासा. 1845मध्ये जर्मनांनी वसवलेल्या टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेबहार्ट या जर्मन खाणावळवाल्याला मिरची बारमाही हवी होती. 1890च्या दशकात त्याने मेक्सिकन आंचो वाळवून-दळून चिली पावडर विकायला काढली. 1922मध्ये कॅनडातून चिवावा राज्यात आलेल्या, जर्मन बोली बोलणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं चीज छान वितळतं, म्हणून केसादियात शिरलं. दोन्हीकडे एखादं काम अडलेलं होतं आणि कोणाकडे तरी त्यावर उपाय होता. याहून जवळचा दाखला गोव्यातला. पोर्तुगीजांचं व्हिनेगर-लसणातलं डुकराचं मांस, त्यांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची आणि माडाच्या ताडीचं व्हिनेगर, यांतून विंदालू झालं. युरोपी आंबट मांस आणि मेक्सिकोच्या बाजूची मिरची यांचं जमतं का, याचं उत्तर गोव्याच्या स्वयंपाकघरांनी कधीच देऊन ठेवलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. मेक्सिकोत मिरची-व्हिनेगरचा अडोबो असतोच, मग यात जर्मन ते काय? याला माझं उत्तर अर्धंच आहे. मुरवण एका रात्रीवर आणलं आणि ज्युनिपर वगळलं, तर तो अडोबोच होईल, त्याला तेच म्हणावं. ज्युनिपरचा राळेसारखा वास आणि कित्येक दिवसांचा आंबटपणा हे दोन खांब मात्र हलवायचे नाहीत. तिसरा आक्षेप, अशा मेळाचा फायदा कोणाला होतो हा, पाककौशल्याने सुटत नाही. गेबहार्टची पावडर कारखान्यात गेली. सान अँटोनियोच्या चौकांत चिली विकणाऱ्या मेक्सिकन बायकांना मात्र पुढे आरोग्याच्या नियमांनी उठवलं. निदान वाटणाला ‘मोले’ म्हणावं, ‘एक्झॉटिक ग्रेव्ही’ नव्हे.

राहता राहिली साउअरब्राटनसोबतची लाल कोबी, सफरचंद घालून मऊ शिजवलेली. तिच्या कामाला मेक्सिकन गडी शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. इतक्या जड रश्शाशेजारी ती आहे तशीच बरी.