चुलीमागची भिंत

गगनबावड्यात जूनमध्ये पाऊस लागतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत भिंतींना वाळायला सवड मिळत नाही. कोल्हापूर इथून 55 किलोमीटरवर, पण तिथला पाऊस आणि करूळ घाटाच्या माथ्यावरचा आमचा पाऊस यांची तुलनाच नाही. जुलैत भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. मिठाला पाणी सुटतं, पापडाचा डबा उघडला की लगेच बंद करावा लागतो.

आमच्या ओट्यामागच्या फरश्या अशाच एका पावसाळ्यात सुटल्या. आधी पोकळ वाजू लागल्या, मग एका रात्री दोन फरश्या गॅसच्या शेगडीवर आदळल्या. मागे पाहिलं तर जुन्या ऑइलपेंटवरच सिमेंट थापलेलं. टाचे मारलेलेच नव्हते, सिमेंट धरणार कशाला? सांध्यांतून शिरलेलं पाणी आणि तेल मागे साचून काळी बुरशी धरली होती.

एप्रिलमध्ये मिस्त्रींना बोलावलं. मी नमुन्यांची पुस्तिका पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवून भिंतीवर तळवा टेकवला. "ताई, टायलीनं वल झाकंल, जायाची न्हाई. आधी भाईर बगूया." ही भिंत पश्चिमेची, झड थेट अंगावर घेणारी. बाहेरच्या गिलाव्याला भेगा होत्या, वरची दोन कौलं सरकली होती. ओट्यामागच्या फरशीच्या, म्हणजे डॅडोच्या, कामाचा पहिला आठवडा असा घराबाहेरच गेला. भेगा भरल्या, कौलं बसवली, भिंतीला बाहेरून पत्रा लावला. मग आतला जुना थर पार विटेपर्यंत खरवडला, नवा गिलावा केला आणि तो उन्हाळ्यात नीट वाळू दिला.

तोवर आम्ही फरशी निवडत होतो. मला मातकट रंगाची, खरखरीत पोताची आवडली होती. आईनं दुकानातून तीन नमुने घरी आणायला लावले. प्रत्येकावर हळद, तेल आणि कांदा-लसूण मसाल्याचं बोट ओढलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी साबणाच्या फडक्यानं गुळगुळीत, पांढुरकी फरशी एका हातात निघाली. खरखरीत फरशीच्या बारीक खळग्यांत पिवळा रंग बसूनच राहिला. "पण पांढुरक्या फरशीवर डाग उठून दिसतील," मी म्हटलं. आई म्हणाली, "दिसला की पुसला जातो. न दिसणारा साचतो." शिवाय आमच्या अंधाऱ्या पावसाळ्यात फिकी, चकचकीत भिंत दिव्याचा उजेड परतवते, हेही तिनंच दाखवून दिलं.

भिंतीच्या साध्या सिरॅमिक फरशीला पुढून चकाकी असते, पण तिचा पाठीकडचा भाग वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषतो. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्काही शोषत नाही. ओलीच्या भिंतीसाठी आम्ही तीच घेतली. ती इतकी घट्ट असते की नुसत्या सिमेंटला धरत नाही, म्हणून चिकटवायला टाइल ॲडहेसिव्ह आणलं.

ओटा 9 फूट लांब, वरच्या फळीपर्यंतची उंची 2 फूट. 1 बाय 2 फुटाच्या 9 फरश्या उभ्या लावल्या, त्यामुळे आडवा सांधा एकही राहिला नाही, आणि फोडणीचं तेल जास्त साचतं ते आडव्या सांध्यात. उभ्या सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरलं, कारण ते पाणी आणि तेल पीत नाही. तीन फरश्या जास्तीच्या आणून माळ्यावर ठेवल्या, पुढे एखादी फुटली तर नव्या मालाची छटा जुळेलच असं नसतं. मिक्सरचा प्लग नळापासून आणि शेगडीपासून लांब घेतला, तो फरशी कापण्याआधी. ओळंबा धरून मिस्त्रींनी शेवटची फरशी बसवली, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक फरशी बोटानं वाजवून पाहिली. एकही पोकळ नव्हती.

माझी आजी चुलीमागच्या भिंतीला दर आठवड्याला मातीचं पोतेरं द्यायची. धुरानं काळवंडलेली भिंत त्या दिवशी नवी व्हायची. मला वाटायचं, ते सणावारासाठी. आता कळतं, ती तेव्हा भिंत तपासत असे: कुठे पोपडा सुटलाय, कुठे ओल चढलीय.

आता पुन्हा आषाढ लागलाय. बाहेर धुकं खिडकीला टेकलंय. रात्री भांडी झाली की आई ओलं फडकं फिरवते, मग कोरडं. आणि शेवटी, फडकं वाळत घालण्याआधी, उघडा तळवा त्या भिंतीवर क्षणभर टेकवते. भिंत कोरडी आहे.