किल्ल्यातलं गुपित

आमच्या लकडगंजात धंदा लाकडाचा. आरा मशीनपाशी चार दिवस उभं राहा, निम्मं काम नुसतं बघून कळतं. लपवण्यासारखं काही नाहीच. त्यामुळे जर्मनीतल्या माइसेनची गोष्ट वाचताना आधी गंमत वाटली, मग जरा धडकीच भरली.

ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीकाठचं हे गाव. पातळ, पांढरंशुभ्र पोर्सलेन तेव्हा चीन-जपानहून यायचं. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाला त्याचं इतकं वेड, की 1717 साली पठ्ठ्याने 600 सैनिक प्रशियाला दिले आणि बदल्यात 151 भांडी घेतली!

ह्याच राजाने ब्योटगर नावाच्या पोराला डांबून ठेवलं होतं. का? तर म्हणे तो सोनं बनवतो. सोनं कुठलं होतंय! पण चिर्नहाउस ह्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली 1708च्या सुमारास त्याला पोर्सलेन जमलं. केओलिन नावाची पांढरी माती आणि 1300 अंशांच्या वरची भट्टी. 1710 मध्ये कारखाना निघाला तो थेट माइसेनच्या किल्ल्यात. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून. ब्योटगर 1719 मध्ये गेला, वय अवघं 37. त्याच वर्षी इथला एक कारागीर व्हिएन्नाला पळाला आणि तिथेही पोर्सलेन बनायला लागलं. म्हणजे किल्ला, पहारे वगैरे सगळं करून गुपित टिकलं किती? दहा वर्षंसुद्धा नाही.

आपल्या आयटीत किल्ले नाहीत, बाँड आहेत. शिवाय प्रत्येक टीममध्ये एक महाशय असतात, ज्यांचं मॉड्यूल फक्त त्यांनाच कळतं. डॉक्युमेंटेशन मागितलं की हसतात. वाटतं, हीच आपली नोकरीची हमी.

आता आपल्याकडचं बघा. नागपूरहून चंद्रपूरला जाताना भद्रावती लागतं. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा ह्या गांधीवादी माणसाने 1950च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला. उलटाच कारभार! माती, चाक, भट्टी, जे सुधारलं ते गावोगावच्या कुंभारांना शिकवायचं.

माइसेनचा कारखाना आजही चालू आहे, हे खरं. भांड्यांच्या बुडाशी दोन निळ्या तलवारींची खूण अजून असते. पण सूत्र तर कधीच जगजाहीर झालंय. मग तीनशे वर्षं टिकलं काय? तर हातातलं कसब, आणि ते पुढच्या पोरांना शिकवायची पद्धत.

आपल्या मॉड्यूलचं काय करायचं, ते ज्याने त्याने ठरवावं. मी तरी सोमवारी विकी पान लिहायला घेतोय.