शेवटचं पान

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून काकांचा गोल्ड फ्लेकचा गोल डबा खाली आला. झाकण गंजून बसलं होतं. चमच्याच्या दांडीनं उचकटलं आणि तंबाखूचा तो गोडसर वास भपकन नाकात शिरला. काका जाऊन एकवीस वर्षं झाली. आत माझे काड्यापेट्यांचे छाप होते: जहाज, चित्ता, घोडा, किल्ली.

पोस्टाची तिकिटं मीही जमवायचे. पण तिकिटं विकत मिळत, छाप मागावे लागत. पानाच्या गादीसमोरून जाताना नजर कायम पायाखाली. रिकामी पेटी बशीतल्या पाण्यात बुडवायची. लाकडाचा पापुद्रा फुगला, खळ सुटली की छाप आपणहून सरकतो. तो ओढायचा नाही. पालथा घालून वर्तमानपत्रावर वाळवायचा.

सातवीत शाळेत छंदांचं प्रदर्शन होतं. तिकिटांच्या वहीत शेवटचं पान मी छापांचं केलं. मधोमध गलबताचं चित्र असलेलं विलायती सिगारेट-कार्ड. काका गोदीत होते, त्यांना ते कुणा खलाशानं दिलेलं. परीक्षक गांधीजींच्या दीड आण्याच्या तिकिटापाशी थांबले, मान डोलावली. मग शेवटचं पान फाडून माझ्या हातात दिलं. ‘‘कचरा वेगळा ठेवत जा, बाळ.’’ कागद फाटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे, आणि त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

सिगारेटचं कागदी पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावरच पुढे चित्रं आली. 1940 मध्ये लढाईमुळे कागद मिळेना, तेव्हा इंग्लंडात ही कार्डं थांबली. एडवर्ड व्हार्टन-टायगर नावाच्या गृहस्थांनी मात्र जन्मभर ती जमवली. 1995 मध्ये ते गेले आणि दहा लाखांहून अधिक कार्डं ब्रिटिश म्युझियमकडे आली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढी कार्डं तिथे मानानं राहिली, माझं एक पान वहीत राहू शकलं नाही.

आणि ते गांधीजींचं तिकीट? 15 ऑगस्ट 1948 चा तो चार तिकिटांचा संच स्वित्झर्लंडमध्ये छापून आला होता. माझे छाप शिवकाशीचे. अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे चुलतभाऊ 1922 च्या सुमारास कोलकात्याला जाऊन काड्या करायला शिकले आणि शिवकाशीच्या कोरड्या मुलखात हा धंदा उभा राहिला. पेट्या हातानं चिकटवल्या जात, आणि ते हात कितीदा तरी लहान मुलींचे असत. मी सातवीत बशीपाशी बसायचे, तेव्हा माझ्याच वयाची कुणीतरी तिकडे खळीत बोटं बुडवून बसलेली असणार. तिनं चिकटवलेलं मी सोडवत होते. छाप वाकडा बसला असेल, तिची घाई झाली असेल, ते सगळं बशीतल्या पाण्यात गेलं.

डब्याच्या तळाशी एक पेटी मात्र अख्खी निघाली. ती आजीची. एका स्टोव्हवरून दुसरा पेटवायला ती अर्ध्या जळक्या काड्या जपून ठेवायची, म्हणून ती पेटी मला कधी मिळाली नाही. काड्या अजून आहेत, नऊ. छाप तिरका बसलाय, कडेला खळीचा ओघळ सुकलाय.