मीटरचा फोटो

पूर्वी रत्नागिरीहून गिरगावात बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. लाइटनिंगला आठपट पैसे, म्हणजे बहुधा कुणीतरी गेल्याचाच निरोप. ऑपरेटरबाई तिकिटावर नंबर, वेळ, मिनिटं लिहीत. कॉलची नोंद म्हणजे तो कागद. तो हरवला तर कॉल फुकट. मग तक्रार कोण करतंय!

लोकल कॉलला तेवढंही नव्हतं. जुन्या यांत्रिक स्ट्रोजर एक्स्चेंजात प्रत्येक ग्राहकाचा छोटा मीटर असे आणि बिलासाठी त्या मीटरांचे चक्क फोटो काढत. एकूण आकडा कळे. कोणाला, कधी, ते कळायची सोयच नव्हती. बिल फुगलं की घरात आधी कॉलेजातल्या मुलावर संशय, मग लाइनमनवर. खरंखोटं करायला कोणाकडेच पुरावा नसे. जुन्या फोनचे गोडवे गाताना आपण हे सोयीनं विसरतो.

बिघाड मात्र कानाला कळे. कॉल जोडणारे सिलेक्टर खटखट वर चढत, आडवे फिरत. आवाज बदलला की मेकॅनिक नेमक्या रॅकपाशी जाई. पावसात केबलमध्ये पाणी शिरलं की क्रॉस कनेक्शन, आणि पलीकडच्या आळीतलं लग्न जमताना आपण ऐकतोय!

1984 साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. पुढे एसीशिवाय चालणारी तिची छोटी डिजिटल एक्स्चेंजेस गावोगाव पोचली. खटखट थांबली. बिघाड आता सर्किट कार्डात, नाहीतर प्रोग्राममध्ये. कार्ड बदला, नाहीतर रिस्टार्ट मारा. रिस्टार्टनं फोन लागतात, पण डिस्कवर न पोचलेल्या कॉलच्या नोंदी जातात, आणि बऱ्याचदा बिघाडाचा मागही. 15 जानेवारी 1990 रोजी अमेरिकेत एटी अँड टी या फोन कंपनीचा एक स्विच, म्हणजे एक्स्चेंज, रिस्टार्ट होऊन ‘मी आलो’ म्हणाला, तर तो निरोप घेताना शेजारचे कोसळले. एकूण 114 स्विच, नऊ तास. कारण? प्रोग्राममध्ये चुकीच्या जागी पडलेली एक ‘ब्रेक’ आज्ञा. हे कितीही तयार कानाला सापडलं नसतं.

आज नोंदीत दोन्ही नंबर, सुरुवात, सेकंद, कॉल कशानं तुटला तेसुद्धा असतं. नोंद गहाळ झाली तर अनुक्रमांकात खंड दिसतो, किंवा पलीकडच्या कंपनीचा हिशेब जुळत नाही. एवढी चोख व्यवस्था झाली, आणि ग्राहक एकदा रिचार्ज मारून मोकळा. तपशीलवार बिल कोण उघडतं? या नोंदी आता मागतात ते पोलीस.